बारा मिलिमीटर

गिटारीला भोक पाडायचं ठरत नव्हतं
म्हणून अडीच महिने ती पलंगाखाली.

सुबोध म्हणाला, पिझो घे. घोडीच्या हाडाखाली बसतो,
कुणाला दिसत नाही, आणि स्वस्त.
उसना आणला. वाजवलं.
तार आली, लाकूड आलंच नाही.
स्टीलच्या ताटावर नखानं
कुणीतरी माझंच गाणं टाइप करत होतं.

मग चुंबकाचा, मधल्या तोंडावर अडकवायचा.
गोड. जरा जास्तच.
प्रत्येक सूर काकवीत बुडवून काढलेला,
बोट उचललं तरी चिकटून.
बोटांची खरखर त्याला ऐकूच येत नव्हती.
चुंबकाला लोखंडच कळतं,
त्याचा बिचाऱ्याचा काय दोष.

मग आत माईक.
तो खरा. इतका खरा की
माझा श्वास, ओढणीची सळसळ,
राजारामपुरीच्या नवव्या गल्लीतली भांडी,
आणि आवाज जरा वर नेला की
अशी शिट्टी, की खालच्या मजल्यावरच्या चौगुलेकाकू
कुकर बंद करायला धावल्या.

हॉल चाळीस खुर्च्यांचा. चाळीस माणसांना
खरं तर नुसतं लाकूड पुरतं.
पण मे महिना, सहा पंखे,
आणि पंखे बंद करा म्हणायची
कोल्हापुरात अजून माझी पत नाही.

शेवटी दस्तगीरभाई.
दस्तगीर शिकलगार. उद्यमनगरात शेड.
बावीस वर्षं मिरवणुकीला डॉल्बी लावली,
ट्रकभर भिंती. अर्ध्या पेठेच्या खिडक्या
त्यांना नावानं ओळखायच्या.
डावा कान गेला. उजवा, त्यांच्याच शब्दांत, सणासुदीपुरता.
या माणसाला मी विचारायला आले होते
की हळू आवाज मोठा कसा करतात.

"वाजीव."
वाजवलं. चेहऱ्यावर काही नाही.
"थांबू नगंस. तशीच धर."
आणि पुढं येऊन त्यांनी
गिटारीच्या शेंड्याला दात लावले.

मी वाजवत राहिले. दुसरं काय करणार.
डोळे मिटलेले, दाढी पांढरी,
माझी गिटार दातांत, ऊस सोलायला घ्यावा तशी.
मग तळहात फिरला तिच्या पोटावर,
कुस्तीआधी माती चाचपतात तसा.
"हितं नुसती हुं हुं करती.
हितं वराडती.
हितं," घोडीच्या मागं, जाड तारेच्या अंगाला, दोन बोटं आत,
"हितं खरं सांगती."

तिथं आतून चिकटली एक चकती,
जुन्या चार आण्याएवढी.

"आता वायर भाईर काढायची. बारा मिलिमीटर. बुडाला."
दुसरा उपाय?
"हाय की. चाळीस माणसं मांडीवर बसीव."

शेजारच्या लेथवाल्याचं ड्रिल,
सकाळभर पंपांच्या कास्टिंगात घुसलेलं,
पुसून, तेल टिपून आणलं.
मी शेडबाहेर जाऊन उभी राहिले.
परत आले तर फरशीवर तांबूस भुसा, चिमूटभर.
सतरा वर्षं छातीशी धरून वाजवली,
तिचा आतला वास मला तेव्हा कळला.
भुसा मी कागदात बांधला.
भाईंनी विचारलं नाही कशाला.

अँप? "पंधरा वॉट. लई झालं.
खालचं जरा काप. घुमली तर ह्यो काटा, बाकीचं शिवू नगंस.
आन् बॅटरी नवी घाल,
जुनी बरोबर अंतऱ्यात मरती."

आले कार्यक्रमाला. शेवटच्या रांगेत, कडेला.
पंखे चालू.
दुसऱ्या रचनेत बघते तर
पायताण काढून बाजूला ठेवलेलं
आणि दोन्ही तळवे फरशीवर सपाट.

त्यांनी बोट खाली केलं.
मी काटा एक घर कमी केला.
पुन्हा बोट खाली.
पुन्हा कमी.
तिसऱ्यांदा मला वाटलं, ऐकूच येत नसेल त्यांना,
पण बोट खालीच.

पंख्याची पाती वेगवेगळी ऐकू यायला लागली,
आणि मधल्या फटींतून तारा.